सुटकेचीही पत्रकार परिषद हवी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी कविता लिहिणारा माणूस. तपास, कायदा, सुरक्षा या विषयांतला जाणकार नव्हे. तरीही दहशतवादी गुन्ह्यांच्या तपासाबद्दल सरकार लोकांना काय सांगते आणि काय सांगत नाही, यावर आज बोलणार आहे. त्याचे कारण शब्द. सरकार शब्दांतूनच बोलते, आणि शब्द कुठे आवाज करतात, कुठे गप्प बसतात, एवढे तरी आयुष्यभराच्या सवयीने मला कळते.

कोणत्याही मोठ्या बॉम्बस्फोटानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातली वर्तमानपत्रे काढून पाहा. ‘महत्त्वाचे धागेदोरे हाती’, ‘सूत्रधार गजाआड’, ‘सापळा रचून मुसक्या आवळल्या’. आणि सर्वांत लाडके वाक्य : ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ या खाक्याचा अर्थ मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतो. तरी ते वाक्य आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. एरवी पोलिसांपुढच्या कबुलीला आपल्या कायद्यात पुराव्याची किंमत नाही. ‘मकोका’सारख्या खास कायद्यात मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो. हा फरक बातमीत नसतो. बातमीत फक्त कबुली असते.

११ जुलै २००६ ची संध्याकाळ. पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. खार, वांद्रे, माहीम, माटुंगा, जोगेश्वरी, मीरा रोड, बोरिवली. घरी निघालेली १८० हून अधिक माणसे गेली, आठशेच्या वर जखमी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषद घेऊन तपास उलगडल्याचे जाहीर केले. कट कोणी रचला, माणसे कुठून आली, बॉम्ब कशात भरले, सारे सांगितले गेले. प्रेशर कुकरची कथा तेव्हाची. घराघरातली एक साधी वस्तू काही महिने संशयाची झाली होती, आठवत असेल.

मग २००८ मध्ये त्याच मुंबईच्या गुन्हे शाखेने ‘इंडियन मुजाहिदीन’ नावाच्या संघटनेची माणसे पकडली. त्यातल्या एकाने लोकलचे स्फोट आम्हीच केल्याचे सांगितले, असे छापून आले. म्हणजे शहर एक, पोलीस दल एक, स्फोट तेच. पण कथा दोन. त्या माणसाला या खटल्यातून पुढे पुराव्याअभावी वगळले. ठीक आहे, तपासात असे होऊ शकते. एक शक्यता खोटी ठरते, दुसरी पुढे येते. पण दोन्ही कथा लोकांना ऐकवल्यावर त्यातली कोणती कशामुळे टाकून दिली, हे लोकांना सांगायला कोणी मायक्रोफोनसमोर आले नाही.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने तेरापैकी बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. तेराव्याला निर्दोष सोडले. तो पेशाने शिक्षक. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये कैदेत असतानाच तो वारला होता. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने नोंदवले. कुकरचे काय झाले, ते आपले आपण समजून घ्यायचे. कबुलीजबाबांतले काही भाग एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे आहेत, असेही म्हटले. इथे माझ्यातला कवी थांबला. दोन माणसांनी एकच दुःख सांगितले तरी शब्द वेगळे येतात. कवी असावे लागत नाही त्यासाठी. पंगतीत बसलेल्या दोघांना आमटी कशी होती एवढे विचारून पाहा.

निकालाच्या सुरुवातीलाच न्यायालयाने एक गोष्ट मांडली आहे. खरा गुन्हेगार पकडून शिक्षा देणे आवश्यकच आहे. पण गुन्हा उलगडल्याचा नुसता आभास उभा केला तर समाजाची फसवी समजूत पटते, आणि खरा धोका मोकळाच राहतो, अशा अर्थाची. मला वाटते, पारदर्शकतेचा सगळा प्रश्न या दोन-तीन ओळींत आला.

राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले. तो त्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत आदेश दिला की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत पाठवले नाही. पण या गडबडीत ज्यांचा मुलगा, नवरा, बाप त्या डब्यात होता, त्यांना कोणी सांगितले का, की आता पुढे काय? २००६ मध्ये जाहीर केलेली कथा सरकारला अजून खरी वाटते का? वाटत असेल तर न्यायालयात ती का उभी राहिली नाही? आणि वाटत नसेल तर खरे गुन्हेगार शोधायचे काम कोणाकडे आहे? एकोणीस वर्षांपूर्वी जे टेबल मांडले होते, त्याच टेबलाशी बसून ही उत्तरे द्यायला काय हरकत होती?

आता मालेगाव. यंत्रमागांचे गाव. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. त्या दिवशी लोक कब्रस्तानात आपल्या माणसांसाठी दुआ मागायला जातात. बडा कब्रस्तानाच्या आवारात आणि मुशावरत चौकात जुम्म्याच्या नमाजनंतर स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली, त्यात मुले होती. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी केले आणि त्याच डिसेंबरात आरोपपत्र दाखल केले. मेलेले मुसलमान, ठिकाण कब्रस्तान, रात्र शब-ए-बरातची, आणि आरोपी त्याच गल्ल्यांतले. त्या गावात लोक काय बोलत होते ते बाहेर कोणी विचारले नाही. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे गेला. त्यांनीही तीच कथा पुढे चालवली.

डिसेंबर २०१० मध्ये स्वामी असीमानंद यांनी दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेल्या जबाबात वेगळेच लोक आणि वेगळाच कट समोर आला. तो जबाब त्यांनी नंतर मागे घेतला, हेही सांगायला हवे. २०११ मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, एनआयएकडे आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, पाच वर्षांनी, त्या तरुणांना जामीन मिळाला. २०१३ मध्ये एनआयएने चार वेगळ्याच व्यक्तींवर, त्या हिंदू होत्या, आरोपपत्र ठेवले. पण २०१६ मध्ये जुन्या आरोपींना वगळण्याचा प्रश्न आला तेव्हा त्याच एनआयएने त्याला विरोध केला! न्यायालयाने २५ एप्रिल २०१६ रोजी आठ जणांना आरोपमुक्त केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असा अभिप्राय दिला. नववा आधीच मरण पावला होता.

म्हणजे तीन यंत्रणा, दोन परस्परविरोधी आरोपपत्रे, आणि एका यंत्रणेच्या स्वतःच्याच दोन भूमिका. यातले प्रत्येक वळण सरकारच्या दप्तरात कुठे तरी कारणांसह लिहिलेले असणार. आपल्याला कळते ते वळण. कारण कळत नाही. मग कारणे आपण आपल्या मनाने भरतो. कोणी म्हणतो सरकार बदलले म्हणून, कोणी म्हणतो दबाव आला म्हणून. रिकामी जागा कोणीतरी भरतेच.

माझ्यासारख्या नावाच्या माणसाला या रिकाम्या जागेत उभे राहावे लागते, हे मी लपवणार नाही. स्फोटाची बातमी आली की आमच्या घरांत दोन गोष्टी लागोपाठ होतात. आधी मेलेल्यांसाठी जीव तुटतो. मग टीव्हीवर नाव काय येते याची वाट पाहिली जाते. आणि काही दिवसांत कुठून तरी कविसंमेलनाचे बोलावणे येते, ‘राष्ट्रीय एकात्मतेवर काहीतरी म्हणा’ या प्रेमळ आग्रहासह. मी जातो. पावसावरची कविता म्हणतो.

सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या तरुणांना पत्रकारांपुढे आणले तेव्हा त्यांच्या तोंडावर नेहमीचे काळे कापड नव्हते. लाल-पांढऱ्या चौकडीचे अरबी रुमाल गुंडाळलेले होते. चेहरा झाकायचा तो ओळख परेड बिघडू नये म्हणून. इथे चेहरा झाकला, पण ओळख ठसठशीत दाखवली. यावर टीका झाली, मग रुमाल गेले. त्या एका छायाचित्राने जे सांगितले, ते कोणत्या निवेदनात लिहायची गरजच उरली नव्हती.

आणि सुटकेची बातमी? २००२ च्या गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडले, त्यात फाशीची शिक्षा झालेले होते. तारीख होती १६ मे २०१४. लोकसभेच्या निकालाचा दिवस. त्या दिवशी वर्तमानपत्रांना दुसरे काही छापायला जागा नव्हती, हे मी समजू शकतो. योगायोगच तो. पण ज्यांनी अटकेच्या दिवशी जग गोळा केले होते, त्यांना दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने बोलता आले असते.

हा प्रश्न मुसलमानांचाच आहे असे समजू नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळस्कर हे तीन अधिकारी कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत मारले गेले. आपला नवरा नेमका कसा गेला, मदत का पोहोचली नाही, हे जाणून घ्यायला विनिता कामटे यांना माहितीच्या अधिकारात अर्ज करावे लागले. नियंत्रण कक्षात त्या रात्री कोणते संदेश आले-गेले, त्याची नोंद त्यांनी झगडून मिळवली आणि २००९ मध्ये पुस्तक लिहिले. करकरेंच्या अंगावरच्या बुलेटप्रूफ जॅकेटचा प्रश्नही असाच, अर्ज-विनंत्या करून पुढे आला. ते जॅकेट गहाळ झाले होते. शहीद म्हणून आपण ज्यांच्यापुढे हात जोडतो, त्यांच्या घरच्यांनाही सरकार आपणहून काही सांगत नाही. मग मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने काय अपेक्षा ठेवायची!

त्याच हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्याने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. सरकारने आधी तो विधिमंडळापुढे ठेवायला नकार दिला, केवळ कार्यवाहीचा अहवाल ठेवला. विरोधी पक्षाच्या हाती प्रत लागली, आरडाओरड झाली, आणि वर्ष संपता संपता नागपूरच्या अधिवेशनात अहवाल मांडावा लागला. त्याने देशाची सुरक्षा कोसळली नाही.

न सांगण्याबरोबर दुसरा एक प्रकार असतो, खोटे सांगण्याचा. कसाबच्या बिर्याणीची गोष्ट आठवते? तुरुंगात तो मटण बिर्याणी मागतो, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी माध्यमांना सांगितले होते. सारा देश चिडला. मार्च २०१५ मध्ये जयपूरला त्यांनीच सांगितले की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती; त्याच्याविषयी उठू पाहणारी भावनिक लाट मोडायला ते आपण रचले होते. हेतू काहीही असो, सरकारच्या वतीने बोलणाऱ्याने खटला चालू असताना रचलेली ती गोष्ट होती. आज दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी बिर्याणी भाषेतून गेलेली नाही. खुलासा किती जणांनी ऐकला?

वाईट याचे वाटते की त्या खटल्याला अशा फोडणीची गरजच नव्हती. कसाबचा खटला उघड चालला. त्याला वकील मिळाला. छायाचित्रे, सीसीटीव्हीचे चित्रण, साक्षीदार, सारे लोकांसमोर तपासले गेले. त्याच न्यायालयाने मे २०१० मध्ये कसाबला दोषी ठरवले आणि त्याच्यासोबतच्या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडले. म्हणूनच त्या निकालावर शंका घेणे अवघड झाले.

‘मग काय पोलिसांनी सगळे आधीच सांगून टाकायचे?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. खबऱ्याचे नाव, चालू मोहीम, पुढच्या अटका, हे गुप्तच हवे. २६/११ ला कमांडो कुठल्या गच्चीवर उतरतात ते वाहिन्यांनी थेट दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. मला त्या उघडेपणाबद्दल बोलायचे नाही. गंमत अशी की आपल्याकडे जे झाकायचे ते पहिल्या दिवशी उघडे पडते आणि जे उघडायचे ते शेवटपर्यंत झाकलेले राहते.

गुप्तता आणि हिशेब एकत्र नांदू शकतात. मुंबईच्या लोकलआधी वर्षभर, ७ जुलै २००५ रोजी, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट होऊन ५२ प्रवासी मारले गेले. हल्लेखोर स्फोटांतच मेले होते. तरी २०१०-११ मध्ये न्यायाधीश हॅलेट यांच्यापुढे प्रत्येक मृत्यूची जाहीर चौकशी झाली. गुप्तचर संस्थेचा वरिष्ठ अधिकारी तिथे आला, नाव न सांगता ‘साक्षीदार जी’ म्हणून, आणि मृतांच्या नातेवाइकांच्या वकिलांना उत्तरे देऊन गेला.

आपल्याकडे कायदे नाहीत असेही नाही. माहितीचा अधिकार ऑक्टोबर २००५ पासून आहे. महाराष्ट्राने तर आधीच आपला कायदा केला होता. त्यातल्या चोविसाव्या कलमाने गुप्तचर व सुरक्षा संस्थांना बाहेर ठेवले, आणि २०११ मध्ये सीबीआय व एनआयए यांनाही त्या यादीत घातले. पण त्याच कलमात सांगितले आहे की मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांसंबंधीची माहिती या सवलतीत येत नाही. निर्दोष माणूस वर्षानुवर्षे आत राहिला, हे यात बसते की नाही? २०१० मध्ये केंद्रीय गृहखात्याने पोलिसांना सल्ला दिला की नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बोलावे, मतप्रदर्शन करू नये. तरी २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात आरोपींची पत्रे पत्रकारांसमोर वाचून दाखवल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाला पोलिसांना विचारावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी नियमावली करायला सांगितले. अटकेच्या वेळी काय बोलू नये, याचा विचार झाला, चांगलेच आहे. शेवटी काय बोललेच पाहिजे, याचा विचार मला कुठे दिसत नाही.

३१ जुलै २०२५ रोजी मालेगावच्याच दुसऱ्या स्फोटाचा निकाल लागला. २९ सप्टेंबर २००८, रमजानचा महिना, भिक्कू चौक, सहा मृत्यू. करकरेंच्या पथकाने साध्वी प्रज्ञासिंह, लेफ्टनंट कर्नल पुरोहित आदींना अटक केली होती. विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी सोडले. या खटल्यात साक्षीदारांचे मूळ जबाब दप्तरातून गहाळ झाले होते. सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये, आपल्याला नरम धोरण घ्यायला सांगितल्याचा जाहीर आरोप केला होता. लोकलच्या निकालाविरुद्ध सरकार एका दिवसात दिल्लीला पोहोचले. भिक्कू चौकाच्या निकालाविरुद्ध सप्टेंबरात उच्च न्यायालयात गेले ते मेलेल्यांचे नातेवाईक. एका निकालात एवढी घाई आणि दुसऱ्यात नाही, याला कदाचित कायदेशीर कारणही असेल. ते आम्हाला सांगा, एवढेच.

आणि ते मराठीत सांगा. अटकेची बातमी मराठीत येते. धागेदोरे, मुसक्या, खाक्या, सारे अस्सल मराठी. निर्दोष ठरवणारा निकाल मात्र शेकडो पानांच्या इंग्रजीत येतो. निवडक निकालांची भाषांतरे आता होऊ लागली आहेत, तशी या निकालांची करता येतील. पोलिसांनी काय म्हटले होते, न्यायालयाने ते का मानले नाही, आता तपास कोणाकडे आहे : दहा पानांत मावेल एवढा मजकूर. तो गृहखात्याने छापावा, माहीमच्या नि मीरा रोडच्या घरांत पोस्टाने पाठवावा, आणि मालेगावात वाटायचा तर सोबत उर्दू प्रतही काढावी.